गिळ्याचे दोन डोळे

काठावर उभं राहून "वा, काय निळंशार पाणी आहे" म्हणणारे पुष्कळ असतात. ते निळंशार राहावं म्हणून खाली कोण राबतं, हे विचारणारा मात्र शोधून सापडायचा नाही. खाली म्हणजे तलावाच्या अगदी शेजारी, जमिनीच्या पोटात. लोखंडी शिडी उतरून तिथे जावं लागे. तिथला क्लोरीनचा वास कपड्यांना असा धरून बसे, की धुतल्यावरही जाता जात नसे. त्या खोलीत पंपाकाकूचं राज्य होतं.

पंपाकाकू हे नाव पोहायला येणाऱ्या पोरांनी ठेवलेलं. पोरांनी एकदा नाव ठेवलं की आईबापांनी ठेवलेलं कोण लक्षात ठेवतो! तिच्या नवऱ्यानेही एकदा घरात तिला त्याच नावाने हाक मारली होती आणि त्या दिवशी त्याला चहा मिळाला नव्हता. नवरा याच तलावावर पोहायला शिकवायचा. त्याला सगळे 'सर' म्हणत. तीही म्हणायची, पण फक्त रागावली की.

पंपाची नोकरी मुळात तिच्या सासऱ्यांची. सगळी उमर त्या घरघरीत गेल्याने त्यांचे कान गेले, तेव्हा त्यांनी मुलाला खाली उतरवायचा प्रयत्न करून पाहिला. पण मुलगा काठावरच रमणारा. शिट्टी, टाळ्या, पोरांची गर्दी, आयांचे नमस्कार हे सगळं सोडून तो कशाला त्या बोळकांडीत उतरतो? सून मात्र एकदा डबा द्यायला म्हणून उतरली आणि तिथलीच झाली. "वरचं खातं तुमचं, खालचं माझं," असं ती नवऱ्याला म्हणायची. दोन्ही खाती सुरळीत चालत होती, आणि एका खात्याचं दुसऱ्याला फारसं कळत नव्हतं. संसारात असं बऱ्याच घरी चालतं आणि खपूनही जातं.

सासऱ्यांनी तिला काम शिकवलं ते हाताला धरून, नळांवरून बोट फिरवत. तलावातलं पाणी दोन वाटांनी खाली यायचं. एक वाट वरची. काठाच्या भिंतीत खिडक्यांसारखी तोंडं होती, त्यांना स्किमर म्हणत. पाला, किडे, अंगावरचं तेल असलं जे वर तरंगतं ते त्या तोंडांतून आत ओढलं जाई. दुसरी वाट तळाची. खोल बाजूला, फरशीत बसवलेल्या दोन गोल जाळ्या. दोन्ही वाटांचं पाणी एकत्र होऊन आधी गाळणीच्या टोपलीत शिरे. तिथे केस अडकत, रबर अडकत, एकदा तर कुणाच्या तरी आजोबांची कवळी अडकली होती. मग पंप. पंप ते पाणी वाळूच्या उंच टाकीत ढकले, वाळू त्यातली माती धरून ठेवी, पुढे क्लोरीन मिसळे आणि पाणी भिंतीतल्या छिद्रांतून पुन्हा तलावात. वाळू मातीने भरली की पाणी तिच्यातून उलटं फिरवून घाण गटारात सोडायची, त्याला बॅकवॉश म्हणायचं. एवढंच. पण हे एवढंच एक दिवस चुकलं की तलावाचं डबकं व्हायला वेळ लागत नाही.

"तळाला जाळ्या दोन कशाला?" तिने एकदा विचारलं होतं.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःची एक नाकपुडी बोटाने दाबली आणि दुसरीने मोठा श्वास घेऊन दाखवला. "कळलं? एकीवर काही पडलं तर दुसरीतून पाणी येत राहतं. एकच असती, आणि तिच्यावर कुणी बसलं असतं, तर? पंपाला माणूस कळत नाही गं पोरी. त्याला ओढायचं एवढंच कळतं."

हे बोलताना म्हातारा हसला नव्हता. एरवी तो कशावरही हसायचा.

पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण पोरांनी त्या जाळ्यांना पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. वरून पाहिलं की खोल निळ्या फरशीवर त्या दोन काळ्या गोल जाळ्या डोळ्यांसारख्या दिसत. शेजारी शेजारी, वर टक लावून पाहणारे डोळे. पोरं म्हणायची, तिथे 'गिळ्या' राहतो. गिळ्या पाय ओढतो. गिळ्याने एका मुलाची चड्डी गिळली. मोठ्या पोरांनी लहान पोरांना ही भीती घालायची आणि लहान पोरं मोठी झाली की त्यांनी पुढच्यांना घालायची, असं ते चालत आलेलं.

त्या भीतीवर सरांनी एक तोड काढली होती, आणि ती त्यांची फार लाडकी होती. लहानांच्या वर्गातून मोठ्यांच्या वर्गात जायचं असेल तर गिळ्याला पाठ लावून यायची. श्वास सोडत सोडत तळाला जायचं, जाळीवर उताणं पडायचं आणि वर पाहायचं. काठावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि डोकं वर येईपर्यंत थांबवायच्या नाहीत. ज्याच्यासाठी टाळ्या जास्त वेळ वाजल्या, त्याची कॉलर ताठ. "कुस्तीत पाठ टेकली की हरला," सर आयांना सांगायचे, "आमच्याकडे पाठ टेकली की जिंकला!" आया हसायच्या. दर वेळी तोच विनोद, दर वेळी तेच हसू.

पंपाकाकूने ही रीत पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला सासऱ्यांची दाबलेली नाकपुडी आठवली होती. म्हणून तिने खाली उभं राहून काट्यावर नजर ठेवली. गाळणीच्या आधी एक घड्याळासारखा काटा होता, पंप किती जोराने ओढतोय ते दाखवणारा. पोर जाळीवर आडवं पडलं की तो जेमतेम थरथरायचा. दुसरी नाकपुडी उघडी होती, स्किमर उघडे होते. पाठीला नुसता गार झुळझुळाट लागायचा, एवढंच. मग तिने तो विषय सोडून दिला. वरचं खातं होतं ते.

यंदा पाठ लावायची पाळी त्यांच्याच लेकीवर आली. तिला सगळे 'टिटवी' म्हणत, कारण ती घरात आली की बाकीच्यांना गप्प बसावं लागे. एवढी बडबडी पोर, पण गिळ्याचं नाव काढलं की तिची वाचा बसायची. आदल्या संध्याकाळी जेवताना ती ताटात नुसती बोटं फिरवत बसली.

"मी नाही जाणार," ती म्हणाली. "तो बघतो."

"कोण बघतो?"

"गिळ्या. दोन्ही डोळ्यांनी. मी इकडे गेले की इकडे, तिकडे गेले की तिकडे."

पंपाकाकू म्हणणार होती, नको जाऊस मग, काही बिघडत नाही. पण सरांच्या तोंडाकडे पाहून ती थांबली. सगळ्यांच्या पोरांची भीती घालवणारा माणूस, आणि त्याच्याच घरातली पोर काठावर रडत बसली तर लोक काय म्हणतील, हे त्याच्या कपाळावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तो वाईट बाप नव्हता हो. लेकीला त्याने कधी ओरडून पाण्यात ढकललं नव्हतं. तो तिच्या शेजारी सरकला आणि हळूच म्हणाला, "उद्या त्याचा एक डोळा झोपलेला असेल. मी त्याला अंगाई म्हणून झोपवणार आहे. एक डोळा मिटलेला दिसला की तू जायचंस. कबूल?"

टिटवीने बराच विचार केला. "खरंच मिटलेला दिसेल?"

"बापाचा शब्द आहे."

पंपाकाकू उष्टी ताटं उचलत हसली. बापलेकींच्या असल्या गोष्टी तिने ढीगभर ऐकल्या होत्या.

तिच्या डोक्यात त्या दिवसांत वेगळाच घोर होता. तलावाच्या मागचा रस्ता खणायला घेतला होता आणि वाऱ्याबरोबर सगळी माती पाण्यात. वाळू धुवून धुवून तिच्या नाकी नऊ आले, तरी तळ दिसेना. मॅनेजर रोज शिडीच्या तोंडाशी येऊन वाकायचा. "वहिनी, सगळे पालक येणार आहेत. पोर तळाला गेलं आणि वरून दिसलंच नाही तर काय शोभा? काहीही करा, पण तळ आरशासारखा पाहिजे."

काहीही म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. वरची वाट बंद केली की पंपाची सगळी ताकद तळाच्या जाळ्यांवर येते आणि खाली बसलेला गाळ भराभर ओढला जातो. याला पंपावर 'तळ ओढणे' म्हणत. पण त्याचा नियम होता, आणि तो सासऱ्यांनी तिच्या डोक्यात ठोकून बसवला होता. तळ ओढायचा तो तलाव रिकामा असताना. पाण्यात माणूस उतरायच्या आधी व्हॉल्व्ह उघडायचाच.

तिने तो आदल्या दिवशी तलाव रिकामा झाल्यावर बंद केला. सकाळी येऊन पाहिलं तर पाणी अर्धं निवळलेलं. अजून थोडं ओढलं तर काम फत्ते. मग उघडू, ती म्हणाली. मग गाळणीची टोपली धुवायला बाहेर नेली, केसांचा तो ओला बोळा काढून टाकला, टोपली बसवली, पंप पुन्हा लावला, आणि काट्याकडे पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

काटा फार वर गेला होता.

स्किमर बंद असताना तो चढतो, हे तिला माहीत होतं. पण एवढा? तिने टोपलीच्या झाकणाची रबरी चकती तपासली. झाकणातून हवा शिरत असती तर काटा उलट खाली आला असता आणि झाकणाच्या काचेतून बुडबुडे दिसले असते. बुडबुडे नव्हते. टोपली आत्ताच धुतलेली. तिने नळावर तळहात ठेवला. एरवी तो नळ मांजरीसारखा गुरगुरायचा, आज तो ताठ होता आणि आत कुठेतरी बारीक शीळ वाजत होती. वाट कुठेतरी अरुंद झाली होती. तळाच्या एखाद्या जाळीवर प्लास्टिकची पिशवीबिशवी तर येऊन बसली नसेल?

ती शिडी चढून वर गेली. वर तोरणासारखे रंगीत कागद लावले होते, खुर्च्या मांडल्या होत्या, आणि पालक यायला सुरुवात झाली होती. सूर्य थेट पाण्यात उतरत होता. खोल बाजूच्या पाण्यावर उजेडाचं असं जाळं हलत होतं, की त्याखालचं तिला तिथून काही नीट दिसेना. सर टिटवीला टोपी घालत होते.

"अहो," ती म्हणाली, "काटा फार चढलाय. तळाच्या जाळ्यांवर काही आलंय का, एकदा बुडी मारून बघता का?"

सरांनी टिटवीच्या डोक्यावरून तिला डोळा मारला. "जाळ्या ना? सकाळी मीच खाली जाऊन आलोय. एकदम झकास आहेत."

"दोन्ही?"

"अगं हो, दोन्ही!" आणि पुन्हा डोळा मारला.

आता हा डोळा कसला, हे तिने विचारायला हवं होतं. पण मॅनेजर तिथेच हात चोळत उभा होता. "वहिनी, कमाल केलीत! तळाची फरशीन्‌फरशी दिसतेय!" आणि सरांनी त्याच वेळी विचारलं असतं, की काटा चढलाय म्हणजे तू स्किमर बंद ठेवलायस की काय, तर सगळ्यांसमोर तिची शोभा झाली असती. म्हणून तिने बंद व्हॉल्व्हचं नाव काढलं नाही. आणि टिटवी ऐकत होती, म्हणून त्यांनी मिटलेल्या डोळ्याचं नाव काढलं नाही. दोघांनीही आपापल्या परीने शहाणपण केलं.

तिला टिटवीचं बोलणं ऐकू आलं, "आई, बघ ना, खरंच एकच डोळा आहे!" पण ती तोवर शिडीशी पोचली होती आणि पंपाच्या आवाजात बापलेकींच्या गोष्टीतलं ते वाक्य तिच्यासाठी गोष्टीतच राहिलं.

खाली येऊन ती काट्यासमोर उभी राहिली. सरांनी पाहिलंय म्हणजे पाहिलंय. मग काटाच म्हातारा झाला असेल. सासऱ्यांच्या वेळचा तो, कधीतरी बिघडायचाच. तिने स्वतःची समजूत घातली, पण मन काही थाऱ्यावर येईना. आता व्हॉल्व्ह उघडावा हे बरं, असं म्हणून ती उठली तेव्हा वरच्या झरोक्यातून शिट्टी ऐकू आली. कार्यक्रम सुरू झाला होता.

सरांचा आवाज घुमला. कुस्तीचा विनोद झाला, हसू झालं. मग धप्प असा आवाज, आणि टाळ्या. संथ, एका ठेक्यात.

काटा उडाला.

थरथरला नाही, उडाला, आणि पुन्हा जागेवर आला. टाळ्या थांबल्या, लोक ओरडले, पोर वर आलं होतं. पंपाकाकू तशीच उभी. म्हातारा झालेला काटा अडकतो, खोटं दाखवतो, पण पोर जाळीवर पडताक्षणी उडी मारत नाही. एक नाकपुडी दाबली तर एवढं कसं जाणवेल? दुसरी उघडी आहे ना?

दुसरी उघडी आहे ना?

एक डोळा झोपलेला असेल. बापाचा शब्द आहे. खरंच एकच डोळा आहे. सकाळपासून इकडेतिकडे पडलेले तुकडे तिच्या डोक्यात एकदम जुळले. ती टोपली धुवायला गेली होती तेव्हा तो पाण्यात उतरला होता. त्याने एक जाळी झाकली होती. आणि उरलेल्या एकीवर तिने स्वतःच्या हाताने सगळ्या पंपाचा जोर आणून ठेवला होता.

धप्प. पुन्हा टाळ्या. हे दुसरं पोर किडकिडीत असावं, काटा वर गेला आणि लगेच उतरला. पंप बंद करावा का? बंद केला तर वर मॅनेजर बोंब मारेल, पाणी... कसलं पाणी! पण माणसाचं मन असं विचित्र असतं, की घर जळतानाही ते आधी पायातली चप्पल शोधतं. ती पंपाच्या बटणाकडे न जाता स्किमरच्या व्हॉल्व्हकडे धावली. तिला आपली चूक आधी पुसायची होती. चाक दोन्ही हातांनी धरून तिने पिळलं. आदल्या दिवशी बंद करताना तिनेच ते अंगातला जोर लावून आवळलं होतं. ते हलेना.

"आणि आता," झरोक्यातून सरांचा आवाज आला, आनंदाने फुटलेला, "आमच्या घरची! कालपर्यंत गिळ्याला घाबरणारी, आणि आज बघा!"

"थांबा!" ती ओरडली. "अहो, थांबा!"

पंपाशेजारून ओरडलेलं वर कुणाला ऐकू जात नाही. धप्प झालं. टाळ्या सुरू झाल्या.

काटा वर गेला आणि तिथेच राहिला.

पंपाचा आवाज बदलला. इतकी वर्षं जी भरीव घरघर तिच्या कानात बसली होती, ती पातळ झाली, पोकळ झाली, रिकाम्या भांड्यात खडे खडखडावेत तसा आवाज येऊ लागला. पंपाला पाणी मिळत नव्हतं. पाण्याच्या वाटेवर तिची लेक होती. वर टाळ्या वाजत होत्या. थांबत नव्हत्या. उलट आता त्यांना जोर चढला होता, कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी "शाब्बास!" म्हणालं. जितकं पोर वर येत नव्हतं तितके लोक खूश होत होते.

तिने बटणावर मूठ आपटली. पंप रडल्यासारखा खाली उतरत उतरत थांबला आणि खोलीत एकदम शांतता झाली. पण काटा उतरला नाही. पंपाच्या पुढे एकमार्गी झडप होती, ती पाणी मागे येऊ देत नाही. इकडे स्किमर बंद, तिकडे झडप बंद, मध्ये नळात कोंडलेली ओढ आणि तिच्या टोकाला टिटवीची पाठ. टाळ्या आता तिला लख्ख ऐकू येत होत्या.

ती चाकावर जाऊन पडली. हात घसरले तसा तिने ओढणीचा पीळ चाकात घातला, पाय भिंतीला लावले आणि सगळं अंग मागे टाकलं. देवाला हाक मारली की सासऱ्यांना, तिला नंतर आठवेना. चाक करकरलं. थोडं फिरलं. नळात पाणी फुसांडत शिरलं आणि काटा गळून पडला.

ती शिडी कशी चढली हेही तिला आठवत नाही. वर उजेड एवढा होता की क्षणभर काही दिसेना. मग दिसलं ते असं, की लोक खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवत होते, मॅनेजर दोन्ही हात वर करून नाचायचाच बाकी होता, आणि सर तलावाच्या शिडीवर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून टिटवीला काठावर बसवत होते. टिटवी बसली होती. खोकत होती. ओठ निळे, डोळे लालभडक, पण खोकत होती. पंपाकाकू भर गर्दीतून लोकांना कोपरांनी ढकलत गेली आणि तिला छातीशी धरून मटकन खाली बसली.

"बघितलंस?" सर पाण्यातून वर येत म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. "आजवर एवढा वेळ कुणी राहिलं नव्हतं! आपली पोर! मोठ्या पोरांनासुद्धा जमलेलं नाही हे!"

तिने टिटवीची पाठ त्यांच्याकडे वळवली.

दोन खांद्यांच्या मध्ये जाळी उमटली होती. गोल, जांभळट लाल, पट्टीन्‌पट्टी मोजता यावी अशी. कडेला रक्ताचे बारीक थेंब फुटत होते. जवळच्या एका बाईने "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला, आणि टाळ्या एकेका खुर्चीवरून विझत गेल्या.

"दुसरी जाळी काय केलीत?" पंपाकाकूने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"अगं... चटई. कपडे बदलायच्या खोलीतली ती निळी रबरी." सर अजून अर्धे हसत होते, हसू कुठे ठेवावं ते कळत नसल्यासारखे. "हिला भीती वाटायची म्हणून. नुसती टाकली होती, थोड्या वेळाने आपोआप चिकटून बसली, वजनसुद्धा ठेवावं लागलं नाही..."

आणि बोलता बोलता ते थांबले. चटई आपोआप का चिकटली, हा प्रश्न त्यांना सकाळी पडायला हवा होता. तो आत्ता पडला.

"मी स्किमर बंद ठेवला होता," ती म्हणाली. "पाणी स्वच्छ दिसावं म्हणून. मी तुम्हाला सांगितलं नाही."

तो तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. ती त्याच्यावर ओरडली असती तरीही बरं झालं असतं. पण दोघांच्या हातून मिळून जे झालं होतं त्यात ओरडायला जागाच नव्हती. काठावर पुढचं पोर दंडाला नंबराची पट्टी बांधून आपल्या पाळीची वाट बघत उभं होतं, त्याला तिने हात करून मागे जायला सांगितलं. "सगळी पोरं बाहेर. एकानेही पाण्यात पाय घालायचा नाही." मॅनेजर पोरांना मागे सारू लागला.

टॉवेलमध्ये टिटवी हळूहळू थरथरायची थांबली. एवढी बडबडी पोर, पण तिने अजून एक शब्द काढला नव्हता. सर तिच्यापुढे उकिडवे बसले आणि तिच्या ओल्या पायावर त्यांनी हात ठेवला.

"टिटवे," ते म्हणाले. "बाळा. माझ्याकडे बघ ना."

ती बघत होती. बापाकडेच बघत होती, नवीनच माणूस असावा तशी.

"आई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मला खालून सगळं दिसत होतं. पाणी एकदम स्वच्छ होतं ना. बाबा दिसत होते."

"हो गं राणी. नको बोलूस आता."

"मी हात हलवला बाबांना. खूप जोरात. दोन्ही हात." तिला खोकला आला, तो संपेपर्यंत तिने वाट पाहिली, कारण तिला पुढचं सांगायचंच होतं. "मग बाबांनीपण हलवला. हसले आणि हलवला."

सरांनी तिच्या पायावरचा आपला हात उचलला, आणि मग तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.